डाव्या हाताची नस

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, सांडव्यावर लावलेला बांबूचा सापळा काढायला गेले आणि शेताच्या धुऱ्यावरच्या गवतात त्यांना घोणस चावली. आमच्याकडे तिला परड म्हणतात. उजव्या पायाला, घोट्याच्या चार बोटं वर. सापळ्यात झिंगे भरपूर आले होते. ते त्यांनी टोपलीत ओतले, सापळा परत पाण्यात बसवला, दुपट्टा फाडून पोटरीला बांधला आणि टोपली डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत आले. आंगणात टोपली उतरवून आत्याला म्हणाले, "परड डसली वो बाई. झिंगे निवडून घे, नाई त नासतीन."

मनकर्णा आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती भावाच्या घरी आली ती कायमची. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. त्याआधी बाबांनाही तिनंच कडेवर वागवलेलं. त्या वर्षी, सत्तावन्न साली, मी ब्रह्मपुरीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. आमचं गाव सावली गावापासून पाच कोसांवर, वैनगंगेच्या अंगाला. आमची मासेमार ढिवरांची वीस-बावीस घरं, बाकी कुणबी. हलक्या धानाची कापणी लागली होती. बांध्यांतून माणसं होती, म्हणून बातमी लवकर पसरली आणि विष उतरवणारा पोचू पुजारी बाबांच्या मागोमागच आंगणात आला.

पोचूनं कडुलिंबाचा पाला चावायला दिला. विष चढलेल्याला तो कडू लागत नाही म्हणतात. बाबांना तो कडू लागला तेव्हा जमलेल्या लोकांना धीर आला. पायाला चिरा देऊन त्यानं रक्त काढलं. ते थांबेना. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, तिसऱ्या दिवशी थांबलं. भाऊबीजेला आत्यानं बाबांना खाटेवर पडल्यापडल्याच ओवाळलं. चौथ्या दिवशी ते उठून बसले, पेज प्याले. जाळ्यावर त्यांच्याबरोबर जोडीनं जाणारा माझा चुलतभाऊ लटारू येऊन म्हणाला की काकाला डसून परडच मेली असेल, धुऱ्यावर जाऊन पाहायला पाहिजे. बाबा हसले. मग काठी घेऊन घरामागं गेले, बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन आडवे झाले. संध्याकाळी पुन्हा गेले. मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं विचारलं तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले की डसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे सुजेनं बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तो भरून यायला किती वेळ लागतो ते आत्यानं बसून पाहिलं. मग ती उठली आणि चुलीत गोवऱ्या सारल्या.

आत्या डागायची. पोट फुगलेली लेकरं, लंगडणारे बैल, पाठ धरलेल्या बाया, आजूबाजूच्या पाच गावांतून लोक तिच्याकडं यायचे. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. डागताना ती लेकरांशी इतकी गोड बोलायची की काही लेकरं चटका बसल्यावरच रडायला सुरुवात करत. सुजेसाठी तिचा डाग ठरलेला होता. पायाच्या घोट्याशी आतल्या अंगाला आणि हाताच्या कोपरात, जिथं नस वर येऊन दिसते तिथं.

"सूज नसेनं चढते," ती मला म्हणाली. "नसेले डाग देला का तिथीच अडते. उरावर चढत नाई."

मी म्हटलं की चावलेल्या पायालाच देऊ. ती म्हणाली की तसं करता येत नाही. एका पायाला दिला तर दुसऱ्याला द्यावाच लागतो, पायांना दिला तर हातांना. नाहीतर दुखणं मोकळ्या अंगाला सरकतं आणि तिकडून दुप्पट होऊन निघतं. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

चौथीच्या वर्गात मी शरीराचा तक्ता भिंतीला लावून शिकवत असे. त्यात तांबड्या आणि निळ्या रेघा होत्या. तांबडी कुठून निघते, निळी कुठं जाते, ते मुलींकडून पाठ करून घेत असे. त्या सकाळी मला तो तक्ता आठवला. पण बाबांना चार दिवस लघवी झाली नव्हती आणि त्याबद्दल तक्त्यात काही नव्हतं.

सळई लाल झाली. पहिल्या पायाला बाबांनी दुपट्टा दातांत धरला. दुसऱ्या पायाला त्यांची मान खाटेवरून उचलली गेली आणि परत पडली. उजव्या हाताच्या कोपराला मात्र त्यांचा धीर सुटला. पाण्यात बुडी मारून मुळांत अडकलेलं जाळं सोडवणारा माणूस, पण ते बहिणीला म्हणाले, "बस झालं वो बाई," आणि तोंड उघडं टाकून रडू लागले. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी नीट बाहेर येत नव्हतं.

आत्याचा हात थांबला. तिनं सळई जमिनीवर ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "लेकरू रडून राह्यला."

तेव्हा मी बोलले. मी म्हणाले, "आत्या, अर्धं नोको ठेवू. तोही हात कर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. गावात मी शिकलेली होते. कुठलंही पत्र आलं, कागद आला तर लोक माझ्या सुट्टीची वाट पाहत. तिनं विचारलं, "करू म्हनतं, प्रेमिला?"

"कर."

बाबांचा डावा हात मी दोन्ही हातांनी खाटेच्या पाटीवर दाबून धरला. माझ्या अंगठ्याखाली त्यांची नाडी उडत होती. आत्यानं डाग दिला.

सूज थांबली नाही. डागांना पाणी धरलं, ते फुटलं, तिथलं मांस पांढरं पडलं. सातव्या दिवशी उचकी लागली आणि ती काही केल्या जाईना. तेव्हा लटारूनं बंडी जुंपली. खाली तणीस अंथरली, वर गोधडी. सावलीच्या डॉक्टरांनी बाबांना बंडीतच पाहिलं, चिठ्ठी लिहून दिली आणि चांद्याला न्यायला सांगितलं. मोटारीच्या मागच्या बाकावर बाबांना निजवून, त्यांचं डोकं आत्याच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर घेऊन आम्ही मूल गावावरून चांद्याला पोचलो तेव्हा दवाखान्यात दिवे लागत होते.

तिथले डॉक्टर तरुण होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नागपूरकडचे असावेत. त्यांनी बाबांच्या तोंडाजवळ नाक नेऊन श्वास हुंगला आणि लघवीचं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले की विषानं मूत्रपिंडं निजली आहेत.

"मेलेली नाहीत," ते म्हणाले. "पंधरा-वीस दिवसांत पुष्कळदा आपोआप जागी होतात. तोवर हा माणूस आपल्याला जगवायचा आहे. एवढंच काम आहे."

तोवर अंगातली घाण रक्तात साठत राहणार होती. परदेशात एक यंत्र निघालं आहे, त्यांनी सांगितलं. माणसाचं रक्त एका नळीनं बाहेर घेतात, धुतात आणि दुसऱ्या नळीनं परत आत सोडतात. त्यांनी त्याबद्दल वाचलं होतं, चित्र पाहिलं होतं. आपल्याकडं ते नाही. पण रक्त बदलता येईल. एकीकडून त्यांचं काढायचं, दुसरीकडून दुसऱ्या माणसांचं घालायचं. त्यासाठी अंगात शिरायला दोन वाटा लागतात, एक बाहेर येणारी आणि एक आत जाणारी.

असं म्हणत त्यांनी बाबांचा उजवा हात उलथा केला. मग डावा. मग पायांवरची गोधडी बाजूला केली. नर्स कमळाबाई कंदील घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तो न सांगता खाली धरला. डॉक्टर काही वेळ वाकलेलेच राहिले.

"हे कुणी केलं?"

आत्यानं हात जोडले. "मीनं जी."

मी तिच्या शेजारी उभी होते.

मी शिक्षिका आहे म्हणून मला व्हरांड्यात नेऊन डॉक्टरांनी नीट समजावलं. सुजलेल्या अंगात नस दिसत नाही, पण कोपरात आणि घोट्याच्या आतल्या अंगाला ती कुठं असते हे ठरलेलं असतं. डोळे झाकून चीर दिली तरी सापडते. नेमक्या त्याच चार जागा जळल्या होत्या. तिथं पू होता, चीर दिली तर तो रक्तात जाईल. आता उरली दोन मनगटं आणि दोन मांड्या. मनगटातून काढायचं, मांडीतून घालायचं. पण एकदा उघडलेली नस काम झालं की बांधून टाकावी लागते. ती पुन्हा उपयोगी पडत नाही.

"म्हणजे दोनदा," ते म्हणाले. "मला चारदा तरी लागेल. डावा हात जरी मोकळा असता तर..."

मी आत आले. आत्यानं विचारलं डॉक्टर काय म्हणाला. मी सांगितलं की दोनदा रक्त बदलणार.

लटारू पहिल्या मोटारीनं गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी पाच जण घेऊन आला. ही काही लहान गोष्ट नव्हती. रक्त दिलेल्या माणसाला जाळं ओढवत नाही, असं गावात कुणीतरी उठवलं होतं आणि दोघं अर्ध्या वाटेतून परतले होते. लटारूचं रक्त जुळलं, माझं जुळलं, आणखी दोघांचं. दवाखान्यातल्या लोकांनी दिलं. आत्या बाकावर रांगेत हात उघडा टाकून बसली होती. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि तिच्याच अंगात रक्त कमी म्हणून नको म्हटलं. ती उठली नाही. शेवटची बाटली भरून आत जाईपर्यंत तशीच हात पुढं करून बसून राहिली.

लटारू बाबांना म्हणाला, "काका, माह्यं रक्त घालून राह्यले बरं. आता तू बी कामाले चुकारपना करशीन."

बाबा म्हणाले, "मंग धुवून घाला म्हना."

मांडीत नस शोधायला डॉक्टरांना फार वेळ लागला. बोटभर चीर, आत सुजेचं पाणी, पुसलं की पुन्हा भरायचं. बाबांना जागेपुरतं बधिर केलं होतं, ते शुद्धीवर होते. छताकडं पाहत म्हणाले, "मरळ चिखलात बसते सायेब. वरून नाई दिसत. हातानं चाचपा, हळूच. घाबरली त खाली जाते."

डॉक्टर हसले नाहीत. पण त्यांनी चिमटा ठेवला, बोट आत घातलं, डोळे मिटले आणि चाचपत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "सापडली."

बाबा म्हणाले, "केवढी हाय?"

उजव्या मनगटातून काळपट रक्त बाटलीत पडत होतं आणि डाव्या मांडीतून दुसरं आत जात होतं. तीन तास. मी बाबांच्या डोक्याशी बसले होते. शेवटच्या बाटलीला उचकी थांबली. इतके दिवस ती चालू होती की थांबल्यावर खोली एकदम मोकळी वाटली. दोन्ही नसा बांधून, टाके घालून डॉक्टर हात धुवायला गेले.

पुढचे तीन दिवस बाबा चांगले होते. साखर घातलेली पातळ पेज मोजून द्यायची, पाणी मोजून. ते आत्याशी भांडले की पेजेत मीठ नाही. आत्या म्हणाली मीठ डॉक्टरानं बंद केलं. ते म्हणाले, डॉक्टर पेज रांधून राह्यला का तू. मला त्यांनी शाळेचं विचारलं. बोडीचं पाणी उतरायला लागलं असेल, लटारूला एकट्याला जाळं जमणार नाही, असं सांगत राहिले. डागांच्या जखमा कमळाबाई रोज धूत. धुताना आत्या तिथून उठून व्हरांड्याच्या टोकाला जाई.

चौथ्या दिवशी उचकी परत आली.

दुसऱ्या वेळी डाव्या मनगटातून रक्त काढलं आणि उजव्या मांडीतून घातलं. त्या दिवशीही आत्या रांगेत हात उघडून बसली. काम संपलं तेव्हा डॉक्टरांनी मनगट बांधलं, पण मांडीतली नळी काढली नाही. प्लास्टिकची बारीक नळी होती, मुंबईहून कुणी पाठवलेली. ते म्हणाले की ही वाट बंद करून चालणार नाही, उघडीच ठेवून बघू. निदान आत घालायला एक जागा राहील. बाटलीतून मिठाचं पाणी थेंब थेंब चालू ठेवायचं. अंगाला पाणी जड होतं म्हणून अगदी सावकाश. मिनिटाला सोळा थेंब. जास्त गेले तर छातीत भरेल. थांबले तर नळीत रक्त गोठेल आणि वाट बंद.

हे काम आमचं झालं. माझ्याजवळ घड्याळ होतं. आत्याला घड्याळ कळत नव्हतं, पण मासे गंड्यानं मोजायची तिला जन्माची सवय. चार म्हणजे एक गंडा. मी तिला मिनिट किती लांब असतं ते दोनदा दाखवलं आणि मग ती बाटलीकडं तोंड करून बसली. "एक गंडा. दोन गंडे. तीन गंडे. चार गंडे," इतकं म्हणून ती तळहातानं जमीन पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. मी घड्याळाशी ताडून पाहिलं. चुकत नव्हती. माझी पाळी आली तरी ती उठेना. जेवतानाही घास हातात धरून ओठ हलत असायचे. थेंब मंदावला की मला हाक मारायची आणि मी कमळाबाईंना बोलवायची. त्या नळीला टिचकी मारायच्या, बाटली उंच करायच्या, मांडी सरळ करायच्या. पुन्हा सोळा. वॉर्डातल्या बाया येऊन आत्याला विचारत की म्हातारे, जप करतेस का. ती मान हलवून हो म्हणायची. बोललं तर मोजणं तुटलं असतं.

बाबांचं भान जाऊन येऊन होतं. त्यांचे हात हवेत जाळं विणू लागले होते. डाव्या हातात न दिसणारी फळी, उजव्या हातात न दिसणारी सुई, एक डोळा घातला की दोरा ओढून गाठ. बोटं मांडीकडं जाऊ नयेत म्हणून हात कापडानं खाटेला बांधायला सांगितलं होतं. मला ते झालं नाही. मी माझ्या लुगड्याचा पदर त्यांच्या बोटांत दिला. त्याच्या दशा घेऊन ते गाठी मारत राहिले. गाठी खऱ्या बसत होत्या. एक गाठ मारून ते म्हणाले, "हे कोनं फाडलं?" मी म्हटलं, मुळांत अडकलं होतं. ते म्हणाले, "सांगाचं होतं ना मले."

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या तीन गंड्यांवर थांबली. मग दोनवर. कमळाबाईंनी सगळं करून पाहिलं. डॉक्टरांनी पिचकारी लावून हलकेच पाणी ढकललं, ओढलं. पिचकारीत काळ्या दोऱ्यासारखी एक गुठळी आली आणि मागून काही आलं नाही. मांडी वरपर्यंत गरम आणि कडक झाली होती. त्यांनी नळी काढली.

आत्या विचारत राहिली की कुठं चुकलं. एकदा तिचा डोळा लागला होता, ती म्हणाली, पण तेव्हा प्रेमिला बसली होती. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले की कुणाचं चुकलं नाही. नळी इतके दिवस टिकली हेच पुष्कळ. तिनं ते ऐकलं आणि मला पुन्हा विचारलं. मीही तेच सांगितलं.

मानेची नस सुजेत हाती लागली नाही. दुपारी डॉक्टरांनी चारही जखमा पुन्हा उघडून पाहिल्या. तीन जखमांत पू होता. डाव्या हाताची जरा सुकली होती. तो डाग शेवटचा होता, सळई तोवर निवली असेल. ते म्हणाले की इथं पाहतो. कमळाबाई दुसऱ्या वॉर्डात होत्या. म्हणून डॉक्टरांनी मला हात धरायला सांगितलं.

बाबांचा डावा हात मी दोन्ही हातांनी दाबून धरला. तीच जागा, तसाच. फक्त मनगटाशी आता टाके होते आणि अंगठ्याखाली काही उडत नव्हतं. डॉक्टरांनी चीर दिली. नस लवकर सापडली, वरच होती. त्यांनी ती चिमट्यानं उचलून मला दाखवली. सुतळीसारखी पांढरी, आतून बंद. थोडं वर कापलं, आणखी वर कापलं. तशीच. बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सापडली का?"

मी म्हटलं, "शोधून राह्यले."

डॉक्टरांनी टाके घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना लघवी झाली. चार औंस. कमळाबाईंनी काचेचं भांडं खिडकीतल्या उन्हात धरून आकडा वाचला आणि पळत डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टर आले, त्यांनीही भांडं उन्हात धरलं. ते म्हणाले की जागी होताहेत. आज चार, उद्या आठ, असं होईल. आणखी तीन-चार दिवस निघाले पाहिजेत. आत्या हसली. तिच्या तोंडात पुढचे दोन दात नाहीत हे मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. ती जाऊन सगळ्या वॉर्डाला सांगून आली की भावाला मूत झालं, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मी डॉक्टरांना विचारलं की आता एकदा रक्त बदललं तर. ते म्हणाले, "हो. एकदाच बदललं तर पुरेल." मग ते बाबांच्या हातांकडं पाहत राहिले. मीही पाहिलं. दोन्ही मनगटं बांधलेली, दोन्ही कोपरं, दोन्ही मांड्या, दोन्ही घोटे.

दुपारी बाबांनी बोडीचं पाणी किती उतरलं ते विचारलं. मी म्हटलं, गुडघाभर राहिलं असेल. ते म्हणाले, "मंग आता सोपं हाय." आत्या पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. तीनच्या सुमाराला त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. आत्याला कळलं नाही. ती चोळत राहिली. मी तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा तिनं तो झटकला आणि म्हणाली, "थांब, गरम होऊन राह्यले."

चांद्यालाच नदीच्या काठी सगळं केलं. लटारूनं अग्नी दिला. डॉक्टर चितेपर्यंत आले होते. ते आणि लटारू बराच वेळ बाजूला उभे राहून बोलत होते.

दहाव्याला आंगण भरलं होतं. नदीवरून विधी करून माणसं आली होती आणि जेवणाची वाट पाहत बसली होती. बाया सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत. आत्या खांबाला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चांद्याहून आल्यापासून ती फारशी बोललेली नव्हती. पण सकाळपासून स्वयंपाक तिनं एकटीनंच मांडला होता आणि मला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं.

बोलणं विषाचं निघालं. उमाजी म्हणून आमच्यात एक जाणते होते, त्यांनी कुठल्या कुठल्या गावातली डसलेली माणसं सांगितली. कोण वाचलं, कोण गेलं. मग लटारू बोलला. तो मोठ्यानं बोलला नाही.

"काकाले परडीनं नाई मारलं, भाऊ. दोन खेप रक्त देलो मी. डॉक्टरानं मले सांगतलं. चार दिवस काढाचे होते, फक्त चार दिवस. एक हात जरी मोकळा ठेवला असता त मानूस घरी आला असता. चारही जागा जाळून ठेवल्या."

मग सपरीतून एक बाई म्हणाली की दुसऱ्याच्या लेकरांचं ठीक, पण सख्ख्या भावाला इतकं डागवतं तरी कसं. दुसरी म्हणाली की हात थरथरला नसेल का. लटारू आत्याकडं पाहत होता. त्याचे डोळे भरले होते. बाबांनी त्याला पोहायला शिकवलं होतं.

आत्या जमिनीकडं पाहत होती.

मी उठले. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, मला काहीतरी नीट सांगता येईल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणाले, "लटारू, त्या डाव्या हाताचं—"

"प्रेमिला," आत्या म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "भात लागून राह्यला. पाह्य जरा."

मी उभीच राहिले.

"जाय," ती म्हणाली. "करपला त एवढ्या मानसाईले काय वाढाचं?"

मी आत गेले. पाठीमागं तिचा आवाज आला, रोजचाच, कोरडा. "हाव बाप्पा. मीनंच डागली. दोनी पाय अन् दोनी हात. कोनी सांगतलं नोयतं मले. माह्याच मनानं केली."

मी भाताच्या गंजावरचं झाकण काढलं. पाणी नुसतं कोमट होतं. तांदूळ तळाशी जसेच्या तसे बसले होते, अजून एक बुडबुडाही नव्हता. चुलीतलं लाकूड नीट पेटलंसुद्धा नव्हतं.

मी झाकण परत ठेवलं. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग उमाजी बोडीच्या पाण्याबद्दल बोलू लागले, यंदा जाळं कधी टाकायचं, लटारूच्या जोडीला कोण जाणार. दोघंतिघं बोलले. त्यात आत्याचा आवाज नव्हता.

चुलीपासून दारापर्यंत चार पावलं होती. मी फुंकणी घेतली आणि जाळ करत बसले. भात झाला, पानं मांडली गेली, आत्यानं पंगत वाढली. मी बाहेर गेले नाही.